कार्पेटची बग्गी मुरमावर: मागचं टोक टिकत नाही, सेटअप कुठून सुरू करू?

मुरूमवेडा (पुणे)
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आता विचारायची वेळ आली. रिमोटवर चालणारी (आरसी) १/१० स्केलची टू-व्हील ड्राइव्ह इलेक्ट्रिक बग्गी सेकंडहँड घेतलीय, मिड मोटर (मागच्या अॅक्सलच्या पुढे), १३.५ टर्न ब्रशलेस, २एस शॉर्टी लिपो (दोन सेलची आखूड बॅटरी). ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिले वीस प्रतिसाद त्याच्यावरच जातील. आधीचा मालक परदेशात कार्पेटवर रेस करायचा आणि गाडी त्याच सेटअपमध्ये आलीय, म्हणजे राइड हाइट (गाडीचा तळ जमिनीपासून किती वर) पुढेमागे १६ मिमी, बारीक पिनांचे टायर, कडक स्प्रिंग, मागच्या गिअर डिफमध्ये (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची डबी) ७००० चं तेल, नाकाशी पितळेचं वजन. आम्ही चालवतो ती प्लॉटिंगची मोकळी जागा आहे, खाली रोलर फिरवलेला मुरूम, वर सुटी खडी आणि धूळ, मातीचे दोन जंप आम्हीच केलेत. सरळ जाते तोवर ठीक, वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की मागचं टोक गर्रकन फिरतं, ब्रेक दाबला तरी तेच. खाचखळग्यात चेंडूसारखी उडते आणि जंपवरून नाकावर पडते. नेटवरून एका वर्ल्ड चॅम्पियनची सेटअप शीट उतरवून ठेवलीय, ती जशीच्या तशी टाकू का?

कोल्हापुरी_पिनियन
भावा शीट ठेव बाजूला. ती त्या माणसाच्या त्या दिवसाच्या ट्रॅकची हाय, तुझ्या मुरमाचा तिला पत्ता नाही. आधी टायर बघ. बारीक पिनांचे मऊ टायर मुरमावर दोन-चार बॅटरी पॅकमध्ये गुळगुळीत होणार आणि जोवर आहेत तोवरसुद्धा खडीवर नुसते तरंगणार, कारण खडा पिनेपेक्षा मोठा हाय. मागं मोठ्या, सुट्या सुट्या पिनांचे टायर घे, कंपाउंड मीडियम, सुपरसॉफ्टच्या नादाला लागू नको. पुढं रिब असलेले चालतील. बाकी सगळं नंतर.

दोन_सेल
+१ टायर. आणि इन्सर्टकडे पण बघा, कार्पेटवाले आत कडक फोम टाकतात. मुरमावर मऊ फोम पाहिजे, टायर खड्याभोवती दबला पाहिजे.

लेस्टरची_ताई
मुरूमवेडा, तुझी गाडी आली त्याच बाजूची मी. इथे इंग्लंडात बहुतेक क्लब अॅस्ट्रोटर्फ नाहीतर कार्पेटवर चालतात, पाऊसच एवढा की मातीचा ट्रॅक टिकवणार कोण, म्हणून बारीक पिनांचे टायर इथे घरोघरी. ग्रिप इतकी असते की गाडी घसरत नाही, उलटी होते. म्हणून सगळा सेटअप रोल कमी करण्यासाठी लावलेला असतो, गाडी खाली, स्प्रिंग कडक, आणि महत्त्वाचं म्हणजे शॉकच्या आत स्पेसर टाकून ड्रूप, म्हणजे चाकाला खाली लटकायची मुभा, बांधून ठेवलेला असतो. हे बाहेरून दिसत नाही. तू नुसती स्प्रिंगची कॉलर फिरवून गाडी वर उचललीस तर राइड हाइट वाढेल पण चाकाला खाली जायला जागाच उरणार नाही, खड्ड्यावरून जाताना चाक हवेत आणि ग्रिप शून्य. तेव्हा शॉक उघड, पिस्टनखालचे स्पेसर मोज, निदान मागचे तरी २ मिमीने कमी कर, मग राइड हाइट लाव.

मुरूमवेडा (पुणे)
ताई, शॉक उघडला आणि खरंच आत काळे स्पेसर निघाले! आता राइड हाइट किती ठेवू?

लेस्टरची_ताई
मातीवर १/१० टू-व्हील २२ ते २५ मिमीच्या आसपास असते. तुमच्या खडीसाठी २४ ने सुरुवात कर. मोजायची पद्धत नीट असू दे, बॅटरी बॉडी सगळं चढवून गाडी वीतभर उंचीवरून सपाट टेबलावर सोडायची, ती जिथे स्थिरावेल ती उंची. हाताने दाबून मोजलं की दर वेळी वेगळा आकडा येतो. मागचे ड्राइव्ह शाफ्ट साधारण आडवे दिसले की समज बरोबर आहे.

स्लिपर_भाऊ (नागपूर)
भाऊ ब्रेकचं कोणी बोलूनच नाही राहिलं. टू-व्हील ड्राइव्हमध्ये ब्रेक फक्त मागच्याच चाकांना लागते नं, पुढच्यांना काहीच नाही. वळणात शिरताना ब्रेक जोरात दाबला की मागची चाकं लॉक आणि गाडी फिरलीच. ट्रान्समीटरमधे ब्रेकचा ईपीए, म्हणजे जास्तीत जास्त किती लागावा ती मर्यादा, ६० टक्क्यांवर आण, ईएससीत (मोटरचा स्पीड कंट्रोलर) ड्रॅग ब्रेक, म्हणजे बोट सोडलं की आपोआप लागणारा ब्रेक, आहे का ते बघ, कार्पेटवाले ठेवतात, तो शून्य कर. थ्रॉटलला निगेटिव्ह एक्स्पो दे म्हणजे सुरुवातीला बोट हलवलं तरी मोटर एकदम भडकत नाही. ईएससीचा पंच (सुरुवातीचा झटका) पण कमी कर. याला पैसे लागत नाहीत.

आणि स्लिपर, म्हणजे जास्त जोर आला की सरकणारा क्लच. कार्पेटवर स्लिपर जवळपास लॉक करून ठेवतात. सुट्या मातीवर तो थोडा सुटू दे. मागची चाकं हातानं घट्ट धरून थ्रॉटलचा झटका दे, नाक किंचित उचलून स्लिपर सरकला पाहिजे. सरकतच नसेल तर नट अर्धा फेरा ढिला. पण दिवसभर सरकत राहिला तर पॅड जळतात, मग वास येतेच.

हॉर्नेटकाका (ठाणे)
तरुणांनो, जरा जुनं सांगतो. १९८४ साली टामिया कंपनीचं हॉर्नेट आलं आणि त्याच वर्षी असोसिएटेड कंपनीचं आरसी१०, दोन्ही बग्ग्याच. माझ्याकडे हॉर्नेट होतं, मामाने दुबईहून आणलेलं. हॉर्नेटमध्ये सेटअप नावाचा प्रकार नव्हताच, आरसी१० मध्ये तेलाचे शॉक, सोनेरी अॅल्युमिनियमचा टब आणि सगळं अॅडजस्टेबल. १९८५ ला कॅलिफोर्नियात डेल मारला पहिली १/१० ऑफ-रोडची वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, तिथे टू-व्हीलमध्ये जे हॅल्सी आरसी१० वर जिंकला. सांगायचा मुद्दा असा की या दोन्ही गाड्यांची मोटर मागच्या अॅक्सलच्या मागे असायची. सगळं वजन मागच्या चाकांवर, म्हणून सुट्या मातीत ओढ मिळायची. तुमची ही मिड मोटर कार्पेट आणि क्लेवरच्या (चिकणमातीच्या ट्रॅकवरच्या) ग्रिपसाठी आली. मुरमावर मोटर मागेच पाहिजे. गिअरबॉक्स फिरवता येत असेल तर फिरवा.

सॅनहोजेकर
काका, आदर आहे पण इथे असहमत. २०१४ मध्ये असोसिएटेडने बी५ मागे मोटर आणि बी५एम मिड मोटर अशा दोन गाड्या शेजारी शेजारी काढल्या होत्या. २०१६ ला बी६ आली तेव्हा मातीसाठी वेगळी बी६डी काढली, पण ती पण मिड मोटरच, फक्त गिअरबॉक्सची मांडणी वेगळी. मातीवर मिड मोटर चालत नाही हे आता कोणी धरून बसत नाही. मागची मोटर वळणात लोलकासारखी वागते, एकदा फिरली की सावरत नाही.

हे पण सांगतो की आमच्याकडची माती आणि तुमची माती यात काही नातं नाही. इथे इनडोअर क्ले असते, रेसच्या आधी पाणी मारतात, काही ठिकाणी साखरेचं पाणी, आणि दिवसभर टायरचं रबर बसून बसून काळपट पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यावर लोक जवळपास गुळगुळीत टायर लावतात. चॅम्पियनची शीट त्या पट्ट्याची असते.

हॉर्नेटकाका (ठाणे)
पट्ट्यावर सगळंच चालतं हो. मुरमावर पट्टा कुठून आणायचा? रोज टँकर मारणार का?

कोल्हापुरी_पिनियन
काकांचं अर्धं बरोबर हाय. मोटर फिरवायची गरज नाही पण वजन मागं पाहिजेच. नाकाशी जे पितळ हाय ते आधी काढ. बॅटरीच्या मागचा फोम पुढं घालून बॅटरी पार मागं सरकव. तेवढ्यानंच फरक कळंल. मग कदाचित पुढचं टोक थ्रॉटलवर हलकं पडून गाडी वळणात बाहेर जाईल, तेव्हा बॅटरी थोडी पुढं. तिथंच तुझा मधला पॉइंट सापडतो, कोणाच्या कागदावर नाही.

सीएसटीवाला (डोंबिवली)
तेलावर कोणी आलंच नाही म्हणून मी येतो. (सीएसटी म्हणजे सेंटिस्टोक, तेलाच्या घट्टपणाचं माप, स्टेशन नव्हे.) बाटलीवरच्या "वेट"वर जाऊ नका, तो ब्रँडनुसार बदलतो. असोसिएटेडच्या हिशोबात ३० वेट म्हणजे ३५० सीएसटी आणि ४० वेट म्हणजे ५००. दुसऱ्या कंपनीचं ४० घेतलंत तर ते ५०० असेलच असं नाही. सीएसटीचा आकडा छापलेला असतो, तोच वहीत लिहा.

मुरूमवेडा, पुढे ३५० आणि मागे ३०० च्या आसपासने सुरुवात करा, स्प्रिंग दोन्हीकडे एक नंबर मऊ. पिस्टनची भोकं पण बघा. बारीक भोकं असली की खड्ड्यात शॉक वेगाने दबताना तेल जाऊच शकत नाही, शॉक क्षणभर दगड होतो आणि गाडी उसळते. तुमचं उड्या मारणं बहुतेक हेच आहे. भोक मोठं आणि तेल थोडं जाड, ही जोडी खडबडीत जागेला बरी.

तेल भरताना घाई नको. भरायचं, पिस्टन हळूहळू वरखाली करायचा, बुडबुडे निघून जाईपर्यंत चहा घेऊन यायचा, मग टोपी. डावा उजवा शॉक हातात घेऊन एकदम दाबून बघा, दोन्ही सारखेच परत आले पाहिजेत. एक कमी एक जास्त असेल तर गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे एक वागते आणि माणूस बिचारा चाकांचे कोन मोजत बसतो.

स्लिपर_भाऊ (नागपूर)
आणि ऊन! आमच्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ डिग्रीत सिलिकॉन तेल पातळ होते, डिसेंबरात सकाळी ८ ला तेच घट्ट वाटते. मी उन्हाळ्यात एक पायरी जाड टाकतो. पुण्यात एवढा फरक नाही पडणार पण दुपारी आणि सकाळी गाडी वेगळी वाटली तर गाडीवर डाऊट घेऊ नको, तेलाचा खेळ असते.

बजाज_बॉय
बाईकच्या फोर्कचं तेल चालेल का? १०डब्ल्यू मिळतं कोपऱ्यावर, स्वस्त पण आहे. आरसीचं तेल बाहेरून मागवायचं म्हणजे किमतीपेक्षा कस्टमच जास्त.

सीएसटीवाला (डोंबिवली)
नको. फोर्क ऑइल पेट्रोलियमवालं असतं आणि शॉकमधल्या ओ-रिंग बऱ्याचदा सिलिकॉन रबराच्या, त्या फुगतात. मग शाफ्ट अडकतो, आणि तुम्ही म्हणता शॉक खराब निघाला. शिवाय फोर्कवरचं १० आणि आरसीवरचं १० यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शुद्ध सिलिकॉन ऑइल सीएसटीच्या आकड्यासकट इंडस्ट्रियल सप्लायवाल्यांकडे मिळतं, ३५० आणि १००० सर्रास असतं. चार मित्रांनी मिळून लिटरभर घ्या.

बजाज_बॉय
हे भारी सांगितलंत. कस्टमचं दुखणं खरंच आहे, खेळण्यांवरची ड्युटी २०२० च्या बजेटला २० ची ६० टक्के केली आणि २०२३ ला ७०. आपली गाडी खेळणं आहे की नाही हे बायकोला आणि कस्टमवाल्यांना वेगवेगळं सांगावं लागतं.

लेस्टरची_ताई
😂😂

चिपळूणचा_जांभा
पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो पण आता लिहितो. आमच्याकडे जांभ्याची लाल माती, ती वाळली की वर पिठासारखी धूळ आणि खाली दगड. तिथे मला सगळ्यात जास्त फायदा मागच्या टो-इनचा (चाकांची पुढची बाजू किंचित आत वळवणं) झाला. साधारण ३ डिग्री असतो मागे, मी हबमध्ये अर्धा डिग्री वाढवून ३.५ केला, गाडी थ्रॉटलवर सरळ निघते, टॉप स्पीड किंचित मरतो पण आपल्याकडे एवढी लांब स्ट्रेट आहे कुठे. कॅम्बर (चाकाचा उभा कल) पुढे मागे उणे १ डिग्रीने सुरू करा. अँटी-स्क्वॉट (थ्रॉटलवर मागचं टोक बसू न देणारा आर्मचा कोन) कमी करून बघा, जास्त अँटी-स्क्वॉट गुळगुळीत ट्रॅकवर ढकलतो पण खडबडीत जागेवर मागचं टोक टणटण उडवतो.

आणि डिफ, त्यातलं ७००० काढाच. एवढ्या जाड तेलाने दोन्ही मागची चाकं जवळपास एकत्र फिरतात, एक सुटलं की दुसरंही सुटतं. ३००० टाका. बॉल डिफच्या मोहात पडू नका, धुळीत महिन्याला उघडावा लागतो, गिअर डिफ सीलबंद आहे तोच ठेवा.

मुरूमवेडा (पुणे)
मंडळी अपडेट. एका वेळी एकच बदल करायचा असं ठरवलं होतं आणि मित्राला मोबाइलवर लॅप टाइम घ्यायला बसवला. आधी फक्त ट्रान्समीटर आणि ईएससी, भाऊंनी सांगितलेलं, ब्रेकवर फिरणं तिथल्या तिथे कमी झालं, फुकटात. मग टायर आले, ते फेव्हिक्विकने चिकटवले, आणि खरं सांगू का, गाडीच बदलली. त्यानंतर स्पेसर आणि २४ मिमी, त्याने खळग्यातलं उडणं निम्मं गेलं. पितळ काढून बॅटरी पार मागे नेली तर लॅप टाइम उलट वाढला, पुढचं टोक वळायलाच तयार नाही, मधे आणल्यावर ठीक. डिफमध्ये ३००० टाकल्यावर मित्र म्हणाला काही फरक नाही, मला मात्र वळणाच्या मध्यात गाडी शांत वाटली, घड्याळ मित्राच्या बाजूने आहे. टो-इनला अजून हात लावला नाही.

उरलं एकच, जंपवरून नाकावर पडणं. ते अजून तसंच आहे.

सॅनहोजेकर
जंपच्या टोकावर तू थ्रॉटल सोडतोस का? सोडत असशील तर निम्मं कारण तेच. हवेत थ्रॉटल दिला की मागची चाकं जोरात फिरतात आणि नाक वर येतं, ब्रेक दिला की खाली. चढावर शेवटपर्यंत थ्रॉटल धरून ठेव, आणि तरी नाक पडलं तर हवेत एक छोटा टिचका.

दुसरं म्हणजे मागचा शॉक. चढावर तो दबतो आणि टोकावर एकदम उघडतो, तोच धक्का मागच्या टोकाला वर फेकतो. मागे तेल एक पायरी जाड करून बघ, ३०० चं ३५०. पुढचं तसंच ठेव.

कोल्हापुरी_पिनियन
जंपचा आकार पण बघा की. नवशिके जंप बांधतात ते टोकाला गोल करून ठेवतात, गोल टोकावरून कुठलीच गाडी सरळ उडत नाही. फावड्यानं टोक सरळ धारेचं कर, पाणी मारून रात्रभर बसू दे. शंभर रुपयाचं तेल वाचंल.

मुरूमवेडा (पुणे)
फावडं!! जंप गोलच आहेत. मागे ३५० पण टाकतो, पण आधी फावडं, एका वेळी एकच.

हॉर्नेटकाका (ठाणे)
आता काय, मोटर मागे नको तर नको. निदान धुळीची काळजी घ्या. घरी आल्यावर ब्रश मारायचा, पंक्चरवाल्याकडची हवा मारायची पण बेअरिंगवर सरळ नाही, धूळ आत घुसते. मोटरच्या फॅनला जुन्या पायमोज्याची पातळ जाळी लावा.

स्लिपर_भाऊ (नागपूर)
फॅनवर जाळी लावली तर मोटरचं टेंपरेचर बघत राहा, हवा कमी जाते. ७० डिग्रीच्या वर गेली तर पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) दोन दातांनी लहान कर. नवीन टायर मोठे आहेत, गिअरिंग आपोआप उंच झालं हे कोणाच्या लक्षातच नाही आलं.

बजाज_बॉय
पावसाळ्यात काय करता? आमची जागा काळ्या मातीची आहे.

चिपळूणचा_जांभा
काळ्या मातीत जूननंतर नावच काढू नका, चाकात अशी भरते की बग्गीचा ट्रॅक्टर होतो. तेवढे महिने लिपो स्टोरेज मोडवर, सेलला ३.८ व्होल्ट, पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवली की फुगते. शॉक आणि डिफ उघडून साफ करायला हाच सीझन.

मुरूमवेडा (पुणे)
मोटर तपासली, पाच मिनिटांत ७८ डिग्री. म्हणजे पिनियन लहान करावाच लागणार. गावात एका दुकानात टामियाचे पिनियन आहेत, दोन दात कमीचा आहे, तो बसेल ना? माझा स्पर (पिनियनने फिरणारा मोठा गिअर) ४८ पिचचा आहे.

कोल्हापुरी_पिनियन
नाही बसत. टामियाचे ते ०.६ मोड्यूलचे (दाताचं माप) असणार, तुझा ४८ पिच म्हणजे साधारण ०.५३. हातानं फिरवून बघितलास तर बसल्यासारखा वाटंल, पण लोडवर स्पर खाऊन टाकंल. ४८ पिचचाच मागव. आला की पिनियन आणि स्परच्या मधे पेपरची पट्टी घालून मोटर दाबून बसव, स्क्रू घट्ट कर, पट्टी फिरवून बाहेर काढ, तेवढी फट पुरे. फट सगळीकडं सारखी हाय का ते स्पर पूर्ण एक फेरा फिरवून बघ, जुना स्पर असंल तर तो थोडा वाकडा असतोच.

मुरूमवेडा (पुणे)
मागवला. येईपर्यंत थ्रॉटलचा ईपीए ८५ वर ठेवून चालवतो.